नाना मुद्दाम थांबत नाहीत

*पत्र:*

ताई, नमस्कार. माझे सासरे ७१ वर्षांचे. घरात सगळे त्यांना नाना म्हणतो. एसटीत चालक होते, बरीचशी नोकरी घाटातल्या रस्त्यांवर झाली. पाच-सहा वर्षांपासून त्यांना पार्किन्सन्स आहे, सिंडोपाच्या गोळ्या चालू आहेत. हाताची थरथर त्यामानाने कमी आहे, पण गेल्या वर्षापासून चालता चालता मध्येच थांबतात. बाथरूमच्या दारात, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. आणि तेच नाना गच्चीचा जिना मात्र भराभर चढतात! परवा तर नातू पायरीवरून घसरला तेव्हा पळत जाऊन त्याला धरलं. त्या दिवसापासून सासूबाई म्हणतात, "अंगात ताकद आहे, मुद्दाम करतात." माझे मिस्टर चिडून "उचला ना पाय" म्हणत हाताला धरून ओढतात. एकदा दोघेही पडता पडता वाचले. नाना आता फारसं बोलत नाहीत, भजनाला जाणं सोडलं, नुसते टीव्हीसमोर बसून असतात. ते नाटक करतात असं मला वाटत नाही, पण जिना चढताना तर मी डोळ्यांनी बघते. मग खरं काय? शेजारी खाजकुइलीचं चूर्ण द्या म्हणतात. दीर म्हणतात, मेंदूत मशीन बसवून घेऊ. आम्ही काय करावं?

— एक सून, कराड तालुका

*उत्तर:*

ताई,

नाना नाटक करत नाहीत. हे आधीच स्पष्ट लिहिते, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. घरातल्यांनी जे दोन प्रसंग त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून धरले आहेत, जिना आणि नातू, ते खरं तर नानांच्याच बाजूने साक्ष देतात. सपाट जमिनीवर, दारात पाय अडकणं आणि पायऱ्या मात्र सहज चढणं हे पार्किन्सन्समध्ये इतकं ओळखीचं आहे की तुमच्या न्यूरॉलॉजिस्टना, म्हणजे मेंदूविकाराच्या डॉक्टरांना, सांगितलंत तर ते मान डोलावतील. संकटाच्या क्षणी असा रुग्ण अचानक धावू शकतो, हेही डॉक्टरांना फार पूर्वीपासून माहीत आहे. त्याला नावसुद्धा आहे, 'कायनेशिया पॅराडॉक्सा'.

मी मेंदूविकार असलेल्यांबरोबर काम करणारी फिजिओथेरपिस्ट आहे. "यांना जमतं, पण करत नाहीत" हे वाक्य माझ्याकडे येणाऱ्या घरांमधून सारखं ऐकू येतं. या एका वाक्याने माणूस आतून किती खचतो, ते मी बघते. म्हणून आधी आत काय घडतं ते सांगते. थोडं लांबेल, पण सासूबाईंना आणि तुमच्या मिस्टरांना पटवायचं तर ते लागेलच.

नानांनाच विचारून बघा. घाटात गाडी चालवताना क्लच कधी दाबला, गिअर कधी बदलला, हे त्यांना लक्षात ठेवावं लागायचं का? कंडक्टरशी बोलता बोलता हातपाय आपले आपण चालायचे. गाडी शिकतानाचे पहिले दिवस वेगळे, तेव्हा एकेक हालचाल मनात म्हणून करावी लागते. सरावाची झालेली हालचाल विचार न करता पार पाडायची, हे काम मेंदूच्या खोल भागातल्या काही केंद्रांकडे असतं. त्यांना मिळून बेसल गँग्लिया म्हणतात. चालणंही याच खात्यात येतं. आपण स्वयंपाकघरात जायचं ठरवतो, पाय आपोआप पडतात.

ही केंद्रं एका वर्तुळात जोडलेली आहेत. मेंदूच्या पृष्ठभागाकडून संदेश आत स्ट्रायटम नावाच्या भागात येतो, तिथून पुढच्या केंद्रांतून थॅलॅमस नावाच्या मेंदूतल्या आणखी एका केंद्राकडे आणि थॅलॅमसकडून परत पृष्ठभागाकडे. आत दोन वाटा आहेत. एक हवी ती हालचाल मोकळी करते, दुसरी नको त्या हालचाली रोखून धरते. या दोघींचा तोल राखणारं रसायन म्हणजे डोपामिन. ते मेंदूच्या बुंध्याजवळच्या सबस्टॅन्शिया नायग्रा नावाच्या छोट्याशा काळसर भागातल्या पेशी पुरवतात. पार्किन्सन्समध्ये या पेशी मरत जातात. हाताची थरथर किंवा चालीतला मंदपणा घरच्यांच्या लक्षात येईपर्यंत साधारण निम्म्या गेलेल्या असतात. डोपामिन कमी पडलं की रोखणारी वाट शिरजोर होते. माणसाला पाय उचलायचा असतो, स्नायूंत ताकद असते, पायाच्या नसा धडधाकट असतात, पण 'जाऊ दे' हा निरोप मधल्या वर्तुळात अडतो. सासूबाई म्हणतात ताकद आहे, ते खरंच आहे. बिघाड ताकदीत नाहीच, मनातही नाही.

हे सगळं वर्तुळावर अवलंबून आहे, याचा फार विलक्षण पुरावा १९८२ साली कॅलिफोर्नियात मिळाला. हेरॉईनसारखं बेकायदा बनवलेलं एक द्रव्य टोचून घेणारी काही तरुण मुलं बघता बघता पुतळ्यासारखी ताठ झाली. बोलता येईना, हलता येईना. विल्यम लँग्स्टन या न्यूरॉलॉजिस्टने शोध घेतला, तेव्हा त्या द्रव्यात एमपीटीपी नावाची अशुद्धी सापडली. तिने नेमक्या सबस्टॅन्शिया नायग्रातल्या पेशी मारल्या होत्या. म्हातारपण नाही, लकवा नाही, मनाचा आजार नाही. एवढासा भाग गेला आणि विशीतला-चाळिशीतला माणूस म्हाताऱ्या पार्किन्सन्स रुग्णासारखा झाला. त्याच रसायनाने पुढे माकडांमध्ये हा आजार तयार करून अभ्यासता आला. १९९० मध्ये अमेरिकेत मॅलन डिलाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा माकडांच्या मेंदूतलं सबथॅलॅमिक न्यूक्लियस हे रोखणाऱ्या वाटेवरचं केंद्र निकामी केलं, तर माकडं पुन्हा हालचाल करू लागली. डोपामिन तेवढंच कमी होतं, पेशी मेलेल्याच होत्या, तरी वर्तुळातली अडवणूक काढल्यावर हालचाल परत आली. तुमच्या दिरांच्या 'मशीन'चा उगम इथे आहे, त्याकडे शेवटी येते.

आता जिन्याचं. चालण्याचा आपोआप रस्ता बिघडला असला तरी पाऊल टाकायचा दुसरा रस्ता मेंदूत असतो. डोळ्यांनी काही दिसलं, त्यावर नेमका पाय टाकायचा किंवा ते ओलांडायचं, ही हालचाल दृष्टीच्या आधारे, लहान मेंदू आणि पृष्ठभागाचे वेगळे भाग मिळून घडवतात. तो रस्ता नानांचा बराच शाबूत आहे. जिन्याची प्रत्येक पायरी त्यांना दाखवते की पाय इथे ठेव. सपाट फरशी काहीच दाखवत नाही. नातू पडतानाचा क्षण तर याहून जोरकस, समोर ठसठशीत लक्ष्य आणि अंगात भीतीचा झटका. दाराशी मात्र उलट होतं. जागा अरुंद, वळायचं असतं, आतली लाईट लावायची असते, मागून कुणीतरी घाई करत असतं. इतकी कामं एकदम त्याच अशक्त वर्तुळांवर येऊन पडतात आणि पाय थिजतो.

मूळच्या पुण्याच्या डिझायनर मिलेहा सोनेजी यांनी हेच आपल्या काकांच्या बाबतीत पाहिलं. पार्किन्सन्स असलेले काका जिना नीट उतरायचे आणि सपाट जमीन आली की अडायचे. मग त्यांनी सपाट जमिनीवर जिन्याचा आभास देणारं चित्र चिकटवलं आणि काका त्यावरून चालत गेले. मला या गोष्टीतलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की त्यांनी काकांवर संशय घेण्याऐवजी ते कुठे अडतात आणि कुठे अडत नाहीत, हे नीट बघितलं. तुम्हीही ते बघितलंच आहे, ताई. पत्रात तसं लिहिलंय.

तेव्हा आता घरात करायचं काम. चित्र नको, साधी रंगीत चिकटपट्टी पुरे. फरशी काळसर शहाबादी असेल तर पिवळी किंवा पांढरी, पांढरी टाइल असेल तर गडद लाल किंवा काळी. नानांचं एक चांगलं पाऊल किती पडतं ते गोळीचा असर असताना मोजा, आणि तेवढ्या अंतरावर पट्ट्या लावा. त्या चालण्याच्या दिशेला आडव्या हव्यात, उभ्या रेषांनी काम होत नाही. उंबऱ्याच्या अलीकडे चार-पाच आणि पलीकडे दोन-तीन, कारण अडकणं बहुधा दार ओलांडतानाच होतं, आत गेल्यावर पुढची पट्टी दिसली पाहिजे. कडा उचलल्या तर लगेच बदला. नानांना सांगायचं, "रेघ ओलांडा." 'पाय उचला' आणि 'रेघ ओलांडा' यांत आपल्याला काही फरक वाटत नाही, त्यांच्या मेंदूला तो रस्ता बदलण्याइतका फरक आहे. काहींना काही आठवड्यांनी या रेघांची सवय होऊन असर उतरतो, तेव्हा रंग किंवा अंतर बदलून बघा.

मिस्टरांना मात्र एक गोष्ट हात जोडून सांगते, ओढायचं नाही. पुढच्या वेळी नाना अडकले की त्यांच्या पायांकडे वाकून बघा. टाचा उचललेल्या असतात, भार चवड्यांवर असतो, गुडघे बारीक थरथरत असतात, आणि छाती पायांच्या पुढे गेलेली असते. म्हणजे पाय जागेवर आणि वरचं अंग आधीच निघालेलं. अशा माणसाला हाताला धरून पुढे ओढलं तर तो तोंडावरच पडणार. त्याऐवजी बाजूला उभं राहा. बोलणं बंद, टीव्हीचा आवाज कमी, घाई नाही. "थांबा नाना, टाचा टेकवा." मग उभ्या उभ्या भार डाव्या पायावर, उजव्या पायावर, दोन-तीनदा. मग एक मोठं पाऊल. तरी नाही निघाला पाय, तर तुमचा पाय त्यांच्या पायापुढे आडवा ठेवा, "माझा पाय ओलांडा" म्हणा, आणि ते पाऊल उचलतील तसा काढून घ्या. वळताना जागच्या जागी गिरकी नको, मोठा वळसा घ्यायचा. घाटातलं वळण कसं घेता तसं घ्या, असं नानांना म्हणून बघा, त्यांना लगेच कळेल. दारातली पायपुसणी आजच काढा. बाथरूममध्ये भिंतीला धरायला दांडी बसवा, रात्री तिथे लाईट राहू द्या.

जिना ते छान चढतात म्हणून त्यांना एकटं सोडू नका. जिना संपतो तिथे, वरच्या आणि खालच्या टोकाला, पायरी संपून सपाट जागा येते आणि वळायचं असतं, पाय नेमका तिथे अडू शकतो. कठडा धरायचा, चढताना कुणी एक पायरी मागे, उतरताना एक पायरी पुढे.

भजनाबद्दल तुम्ही एका ओळीत लिहिलंत, मला मात्र तीच ओळ जास्त लागली. बेसल गँग्लियातून एकच वर्तुळ जात नाही. हालचालीचं एक, आणि त्याच्या शेजारून विचारांची, भावनांची, उमेदीची वेगळी वर्तुळं जातात, हे १९८६ पासून शास्त्रज्ञांनी मांडलेलं आहे. डोपामिन सगळीकडेच लागतं. त्यामुळे चेहऱ्यावरचे भाव आटतात, आवाज बारीक होतो, अक्षर लहान होत जातं आणि कशाचीच ओढ वाटेनाशी होते. आपण त्याला रुसवा म्हणतो, आळस म्हणतो. काहींना खरंच नैराश्यही येतं, आणि त्यावर वेगळा उपचार असतो. पुढच्या भेटीत डॉक्टरांना फक्त पायांचं सांगू नका, "भजन सोडलं, बोलत नाहीत" हेही सांगा. सासूबाईंना आतून भीती असेल की हे विसरत चाललेत. अल्झायमरमध्ये घाव बहुधा आधी आठवणी साठवणाऱ्या हिप्पोकॅम्पसच्या बाजूला पडतो, हा आजार तिथून सुरू होत नाही. पार्किन्सन्समध्येही पुढे स्मरणावर परिणाम होऊ शकतो, पण गप्प बसणं म्हणजे विसरणं नव्हे.

आणि भजन परत सुरू करा, निदान घरी. ठेका हाही दुसऱ्या रस्त्याने जाणारा इशाराच आहे. मोजून पडणारा ताल कानावर आला की पाऊल त्यावर पडतं, हे तपासून सिद्ध झालेलं आहे, आम्ही त्यासाठी मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक तालात टिकटिक करणारं यंत्र, वापरतो. नानांना मेट्रोनोमची काय गरज? टाळाचा सरळ ठेका मोबाईलवर रेकॉर्ड करा, फार जलद नको, आणि अंगणात त्या ठेक्यावर पावलं टाकायला सांगा. दाराशी अडकले तर नातवाने नुसतं टाळी देत "विठ्ठल, विठ्ठल" म्हटलं तरी चालेल. पुण्यात पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग झाले आहेत, ते याच कारणाने. तिथलं पार्किन्सन्स मित्रमंडळ हा रुग्णांचा आणि घरच्यांचा गट आहे, त्यांच्याशी जरूर संपर्क करा. सासूबाईंना दुसऱ्या एखाद्या रुग्णाच्या बायकोशी बोलायला मिळालं तर माझ्या पत्रापेक्षा जास्त फरक पडेल.

गोळ्यांचं बघू. सिंडोपात लेव्होडोपा असतं, मेंदूत गेल्यावर त्याचं डोपामिन बनतं. व्हिएन्नात १९६१ मध्ये ते पहिल्यांदा रुग्णांना टोचलं, तेव्हा अंथरुणाला खिळलेली माणसं काही काळ उठून चालली, आणि आजही याहून चांगलं औषध नाही. पण आतड्यातून शिरताना त्याची प्रथिनांशी स्पर्धा होते. गोळी दुधाबरोबर, अंड्याबरोबर, डाळ-उसळीच्या जेवणाबरोबर घेतली तर असर उशिरा आणि कमी होतो. जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभराने, नुसत्या पाण्याबरोबर द्या. मळमळलं तर एखादं बिस्कीट चालेल. प्रथिनं बंद करायची नाहीत, फक्त वेळ वेगळी. बद्धकोष्ठ असेल तर त्यावरही उपाय करा, पोट साफ नसलं की गोळीचा असर लांबतो. आठवडाभर एक वही ठेवा. गोळी किती वाजता, जेवण किती वाजता, पाय किती वाजता अडले. गोळीचा असर ओसरल्यावर अडत असतील तर डॉक्टर गोळ्यांच्या वेळा आणि मात्रा बदलून बराच फरक पाडू शकतात. असर पूर्ण असतानाही अडत असतील तर गोळी वाढवून फारसं साधत नाही, तिथे पट्ट्या आणि ठेका जास्त कामाचे. ही वही डॉक्टरांना दहा मिनिटांच्या बोलण्यापेक्षा जास्त सांगेल.

खाजकुइली थोतांड नाही. तिच्या बियांत खरोखरच लेव्होडोपा असतं, आणि आयुर्वेदात कंपवातासाठी, म्हणजे अशाच थरथरीच्या आजारासाठी, ती वापरतात. अडचण नेमकी तीच आहे. नाना लेव्होडोपा घेतच आहेत, वर चुरणातून आणखी किती जाणार ते कुणालाच मोजता येणार नाही. एका डब्यात कमी, दुसऱ्यात जास्त. जास्त झालं तर अंग नको तसं वळवळायला लागतं, उभं राहिल्यावर रक्तदाब पडतो, भास होतात. शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून सुरू करू नका. वैद्यांचं घ्यायचंच असेल तर वैद्य आणि न्यूरॉलॉजिस्ट दोघांना एकमेकांची औषधं माहीत असली पाहिजेत. आणि सिंडोपा स्वतःहून अचानक कधीच बंद करायची नाही, त्याने ताप, प्रचंड ताठरपणा येऊन जिवावर बेतू शकतं.

दिरांनी सांगितलेल्या मशीनला डीप ब्रेन स्टिम्युलेशन म्हणतात. फ्रान्समधल्या ग्रेनोबल इथे आलिम-लुई बेनाबिद यांनी १९८७ मध्ये थरथरीसाठी ही पद्धत सुरू केली आणि १९९० नंतर सबथॅलॅमिक न्यूक्लियसमध्ये, माकडांच्या प्रयोगातल्या त्याच केंद्रात, तारा बसवायला सुरुवात झाली. पार्किन्सन्समध्ये या वर्तुळातल्या पेशी सेकंदाला वीसेक वेळा एकाच लयीत ठोके देत राहतात, त्यात पुढचा निरोप बुडतो. सेकंदाला शंभराहून जास्त, बहुधा १३० च्या आसपास विजेचे बारीक ठोके दिले की ती लय मोडते. योग्य माणसाला याने आयुष्य परत मिळतं, मी बघितलेलं आहे. पण आजार थांबत नाही, खर्च लाखांत जातो, आणि साधारण नियम असा की गोळीने जे लक्षण सुधारतं तेच मशीनने सुधारतं. गोळीचा पूर्ण असर असतानाही नानांचा पाय अडत असेल तर मशीनकडून त्या अडकण्यावर फार आशा ठेवू नका. स्मरण, मनःस्थिती आणि वयही तपासावं लागतं. म्हणून आधी वही, मग पट्ट्या, मग न्यूरॉलॉजिस्टशी हा विषय. दिरांना घाईने कर्ज काढू देऊ नका.

आणखी एक. नानांना कधी उलटी, चक्कर किंवा दुसऱ्याच आजारासाठी गावातल्या दवाखान्यात न्यावं लागलं तर पार्किन्सन्स आहे हे आधी सांगा. उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइड, चक्कर आल्यावर सर्रास दिलं जाणारं प्रोक्लोरपेराझिन, सिनारिझिन किंवा फ्लुनारिझिन आणि बेचैनीवरचं हॅलोपेरिडॉल, ही औषधं डोपामिनचा मार्गच अडवतात. चांगला चालणारा रुग्णही त्याने दोन-चार दिवसांत जागेवर बसू शकतो. ही नावं एका कागदावर लिहून नानांच्या फाईलच्या पहिल्या पानावर चिकटवा, खाली गोळ्यांच्या वेळा लिहा, आणि दाखल करावं लागलं तर त्याच वेळांना गोळ्या मिळतील हे सिस्टरना पहिल्याच दिवशी सांगा.